भिंतीपलीकडची सातवी ब

मंगळ., ८ जुलै
आज पुन्हा तेच. मी सातवी अ ला अपूर्णांक शिकवतेय आणि भिंतीपलीकडून सातवी ब चा गोंधळ. गोंधळ कसला, हसणं. प्राजक्ताचा विचारतास चालू होता. मुलांनी स्वतःच्या डोक्याने विचार करावा म्हणून यंदा आठवड्यातून एक तास नवीन लावलाय. अ ला मी घेते, ब ला ती. तिला शाळेत येऊन धड वर्षही झालेलं नाही. माझे केस या भोसरीच्या शाळेतच पांढरे झाले.
माझ्या वर्गाचे सगळे कान भिंतीला. "काय आहे तिकडे?" म्हटलं. गप्प झाले. माझा वर्ग गप्प बसतो याचं आजवर कौतुक व्हायचं, मलाही वाटायचं. आज नाही वाटलं.

गुरु., १० जुलै
गुरुपौर्णिमा. माझ्या टेबलावर तीन-चार गुलाब, एक पेन, एक नारळ. ठीक.
मधल्या सुट्टीत बाहेर येऊन बघते तर माझी अ ची पोरं प्रा.च्या, म्हणजे प्राजक्ताच्या, दारात रांगेत. माझी! तिला फुलं नाही दिली कोणी. तिने म्हणे प्रश्न मागितले होते. एकेका चिठ्ठीवर एकेक. ढगाला वजन असतं का, मुंगी रस्ता चुकते का, असले. प्रत्येक चिठ्ठी वाचून ही म्हणते, "अगं बाई, हे तर मलाही माहीत नाही!" आणि पोरं टाळ्या पिटतात. मी असं म्हटलं असतं तर पालक मुख्याध्यापकांकडे गेले असते.
मला पाहून म्हणाली, "या ना ताई, तुम्ही पण एक चिठ्ठी उचला." काम आहे म्हणून सटकले. घरी आल्यावर भाजी खारट झाली म्हणून ह्यांच्यावर चिडले. भाजी मीच केली होती.

बुध., १६ जुलै
मु.अ.नी स्टाफरूममध्ये जाहीर केलं. पुढच्या शुक्रवारी तपासणीचे साहेब येणार, आम्हा दोघींचा एकेक विचारतास बघणार. जिचा आवडेल ती इतर शाळांतल्या शिक्षकांना हा तास कसा घ्यायचा ते शिकवायला जाणार. बोलताना त्यांची नजर सारखी प्रा.कडे. आम्ही काय खिडकीचे पडदे?
मला हवंय हे. फार हवंय. इथे लिहायला काय जातंय.

गुरु., १७ जुलै
तिने ब मध्ये काय केलं ते कळलं. कारखान्यातला एक रिजेक्ट पार्ट पोरांच्या हातात दिला आणि विचारलं, हे काय असेल, याचं आणखी काय करता येईल? बस. एवढंच. अर्ध्या वर्गाचे आईबाप एमआयडीसीत, सगळे तुटून पडले.
मला का नाही सुचलं? माझा तर नवरा चाकणच्या कंपनीत क्वालिटीत आहे, दिवसभर रिजेक्ट मालच बघतो. संध्याकाळी म्हटलं, मला एक पार्ट आणा.
"अगं, गेटवर चेकिंग असतं. नोकरी घालवतेस का माझी?"
"मग तिने कुठून आणला?"
"भंगारातून आणला असेल."
गेले भंगारवाल्याकडे. साडी सावरत, ऑइलच्या डबक्यातून. दातेरी चकतीसारखा एक पार्ट मिळाला, छान चकचकीत. तिच्या पार्टपेक्षा मोठा आहे.

सोम., २१ जुलै
तालीम घेतली. साहेबांपुढच्या सगळ्याच पाठांची होते, मी काही जगावेगळं करत नाहीये. उत्तरं वाटून दिली. आपोआप सुचलेले प्रश्न तिघांना. वाद घालायला दोघं, "मला तुझं पटत नाही, कारण" इथपासून पुढे पाठ करून घेतलं. सगळंच बरोबर आलं तर साहेबांना संशय येईल, म्हणून एक चूक ठेवली. चुकायला साक्षीला घेतलं. नाहीतरी ती चुकतेच.
साक्षी पार्ट उलटसुलट करून बघत बसली. मग म्हणाली, "मॅडम, एवढा चांगला हाय, मग टाकून का दिला? खराब हाय हे कोणी ठरवलं?"
म्हटलं, "हा प्रश्न आपल्या पाठात नाही."
मान हलवून जागेवर जाऊन बसली.

शुक्र., २५ जुलै
झालं! माझी निवड झाली!
हात जिथल्या तिथे वर आले. साक्षी वेळेवर चुकली, वर्ग वेळेवर हसला, मी वेळेवर म्हटलं, "चुकलं तर चुकलं, बाळा, विचार केलास हे महत्त्वाचं." साहेबांनी मान डोलावली. घंटा व्हायच्या आत निष्कर्ष फळ्यावर.
प्रा.च्या तासाला तिच्या त्या पार्टवरून नुसती भांडणं. दोघं बाकावर चढलेले. घंटा होऊन गेली तरी उत्तराचा पत्ता नाही. साहेबांनी शेरा मारला, उद्दिष्ट साध्य झाले नाही. ती मात्र हसत माझ्याकडे आली. "ताई, पार्टी पाहिजे हं!" मनापासून म्हणाली, तोंडदेखलं नाही. तोंडदेखलं असतं तर मला आवडलं असतं.
आनंदात नळावर गेले तर तिथे ब ची पोरं. नळ सोडून दिलेला, पाणी वाया चाललंय आणि यांचं अजून त्याच पार्टवरून भांडण. शेजारी माझी अ ची पोरं डब्यात काय आणलंय ते बोलत होती. त्यांचा पाठ संपला होता.
अर्धा आनंद तिथेच गेला. जिंकूनही जळफळाट होतो, हे आजच कळलं.

सोम., २८ जुलै
शाळा सुटताना साक्षीची आई गेटवर थांबलेली. चाकणकडच्या गावातली, आता कंपनीच्या कॅन्टीनमध्ये असते.
"मॅडम, राग मानू नगा. आमच्या साक्षीला चुकायला तुमी सांगितलं व्हतं का?"
मी काहीतरी पुटपुटले, पाठात असं करावं लागतं वगैरे.
"न्हाई, रोज आरशाम्होरं उभी राहून चुकायची प्रॅक्टिस करायची. मी म्हनलं, आगं, बरोबर बोल की. तर म्हनती, बरोबर दुसऱ्यांना दिलंय."
मी पर्समध्ये बसचा पास शोधायला लागले. तिनेच सोडवलं. "आसंल. तुमाला जास्त कळतं." आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.
बसमध्ये पहिला विचार काय आला? प्राजक्ताने असं केलं नसतं. लेकराचं वाईट वाटायच्या आधी मला ती आठवली. कसली बाई आहे मी.

शुक्र., १ ऑगस्ट
विचारतास. आज तालीम नाही, काही वाटून दिलं नाही, असं ठरवूनच गेले.
"शाळेची घंटा कायमची बंद केली तर काय होईल?" विचारलं आणि थांबले. प्रा. म्हणते, थांबायचं असतं, गप्प राहवलं पाहिजे. राहिले. एकही हात नाही. पंख्याचा आवाज, आणि भिंतीपलीकडचा.
मग पहिल्या बाकावरची रोशनी उठली. हुशार, कधी उलट बोलणार नाही.
"मॅडम, आज चुकायचं कोणी?"
चेष्टा नव्हती. खरंच विचारत होती. लिहून घ्यायला पेनचं टोपण काढून तयार.
म्हटलं, "कोणीही. ज्याला जे वाटेल ते बोला."
पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग एकेक करत सगळ्यांनी साक्षीकडे बघितलं.
साक्षी उभी राहिली. काय बोलायचं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं, तरी उभी राहिली. आणि माझ्याकडे बघत राहिली, मी सांगेन म्हणून.

सोम., ४ ऑगस्ट
मु.अ. दोनदा विचारून गेले, "शेलार मॅडम, प्रशिक्षणाची तयारी कुठवर?" पुढच्या आठवड्यात आहे. तालीम कशी घ्यायची ते मी झोपेतही शिकवेन. विचारतास कसा घ्यायचा ते मला येत नाही. जिला येतं ती शेजारच्या वर्गात, आणि तिला कोणी बोलावलेलं नाही.
तिच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसावं असं मनात आहे. विचारायला आज स्टाफरूममध्ये उठलेही. ती वह्या तपासत होती, केसांत पेन खोचलेला. पाण्याची बाटली भरायचं निमित्त करून परत बसले.
ती नाही म्हणणार नाही. का ते विचारणार नाही, मु.अ.ना सांगणार नाही, उलट बाक पुसून ठेवेल. एवढ्यासाठीच विचारवत नाही.
उद्या मधल्या सुट्टीनंतर तिचा ब वर विचारतास आहे. नव्या वेळापत्रकात मी तेव्हा मोकळी आहे.