कालुंदरांची पिल्लं

६ फेब्रुवारी १९३१
तळ्याच्या पायरीवरचं शेवाळ खरवडत होतो, तोच सुमतीने मागून मनगट धरलं. "अहो, तिथे अंडी आहेत."
बाळ गेल्यानंतरचं तिचं पहिलं वाक्य.
पायरी तशीच सोडली. मचूळ पाण्याखाली कालुंदर माशांची जोडी, तळहाताएवढी, ठिपक्यांची. पर हलवून अंड्यांना वारा घालत होती.

९ फेब्रु.
शाळेत काय शिकवलं आठवत नाही. घरी आलो तर सु. तळ्यावर. चूल थंड. "एक अंड्यांपाशी असलं की दुसरं राखण करतं," म्हणाली.

१२ फेब्रु.
पिल्लं फुटली. पाण्यात धूळ हलावी तशी. आईबाप दोन्ही बाजूंना.
सु. भात जेवली. उभ्यानेच, पण जेवली.

१७ फेब्रु.
शाळेतून येतो तर शेजारचा गोमा तळ्याकाठी, हातात रिकामी घागर. खाडीतले चार जिताडे आणून सोडले, वीतभराचे. इकडे पुढच्या कार्यासाठी तळ्यात जिताडा वाढवतात.
"मास्तर, वयनीला पोर व्हईल तवर ह्ये चांगले पोसतील. बारशाला कापू. न्हाय झालं तर मी एकटा खाईन!" एकटाच हसला.
जिताडा लहान मासे गिळतो. गोमाच्या लेखी कालुंदरं म्हणजे त्याचा चारा.
मी आभार मानले.
त्याला चहा सु.नेच दिला.

१८ फेब्रु.
पिल्लं निम्मी. सु. जेवली नाही.
गोमाकडे गेलो. जिताडे धरून ने म्हणालो.
"दिलेला मासा परत? मास्तर, डोकं फिरलं काय?"
तरी पाग खांद्यावर टाकून आला. सु. पायरीवर वाट अडवून उभी. "गोमाभावजी, जाळं नको. पिल्लं पांगतील."
"जाळ्याबिगर जिताडा हाती येत न्हाय, वयनी."
गोमा माझ्याकडे पाहत होता. मी पाण्याकडे.
"मग टाका," ती म्हणाली. घरात मात्र गेली नाही.
तीन जिताडे आले. चौथा नाही. जाळ्यात एक कालुंदरही अडकलं. तिने स्वतः सोडवलं. बोटात काटा रुतला, तो काढू दिला नाही.

१९ फेब्रु., सकाळ
पाणी अजून गढूळ. काहीच दिसलं नाही. सु.ने पायरीवरून पाण्यात शिळ्या भाताची शितं टाकली. मग चूल पेटवली.