तीन रेघांच्या धुराचा बिल्ला

अमरावती,
रविवार, ८ फेब्रुवारी

रा. रा. श्रावणभौ यांस, मुक्काम मूर्तिजापूर,

खुशालचा मनापासून जय भीम. वहिनीले नमस्कार, धम्मदीप अन् नीलम सूनबाईले आशीर्वाद. इकडे आमी सारे खुशाल, म्हणजे माझा डावा गुडघा सोडून. (त्याले कोणी विचारत नाही म्हणून तो जिना दिसला का स्वतःच बोलते.) तुझी शुगर कशी आहे? गोळी वेळेवर घेतो ना, का अजूनही चहात दोन चमचे साखर टाकून त्याच चहासंगं गोळी गिळतो?

तू म्हणशील, खिशात मोबाईल असून ह्या बुढ्याले पत्र लिहायची हुक्की काहून आली. तर बाबा, तू छत्तीस वर्षं पोस्टात काढली, लोकायची पत्रं लोकायच्या घरी पोचवली, पण तुले स्वतःले कोणी चार पानं लिहिली असतील असं मले वाटत नाही. दुसरं म्हणजे फोनवर तू मधात बोलतो, अन् तू मधात बोलला का मी विषय बदलतो. काम तसं एवढंसंच आहे. शाळेत एक पाटी लागून राहिली, ‘पथकाचा पहिला स्वयंपाकी’ म्हणून, अन् तिच्यावर नाव कोणाचं टाकायचं हे सोमवारी, म्हणजे सोळा तारखेले, मले सांगायचं आहे. माझं टाकायचं का तुझं, एवढाच प्रश्न. पण तो समजावाले थोडं मागून यावं लागते.

आपल्या शाळेच्या स्काऊट पथकाले ह्या वर्षी साठ वर्षं झाली. मुख्याध्यापिका ज्योत्स्ना मॅडमनं ठरवलं का जुन्या बिल्ल्यायचं प्रदर्शन भरवायचं. माझी नात आचल तिथंच आठवीत आहे, गाईड आहे, तिनं वर्गात सांगून टाकलं का आमच्या आजोबाजवळ ट्रंकभर बिल्ले आहेत. झालं! दुसऱ्याच दिवशी मॅडम घरी, हातात नारळ. रिटायर माणसाले नारळ मिळाला का तो कशालेही हो म्हणते, तसा मी म्हणलो.

ट्रंक उघडली तर अर्धे बिल्ले कसरीनं खाल्लेले. उरलेले मी पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवले, त्यातला वाट दाखवणाऱ्याचा बाणाचा बिल्ला आडवा चिकटला, अन् सात दिवस तो बाण साऱ्या पाहुण्यायले मुतारीकडं पाठवत होता. (आचल म्हणे, आजोबा, तेवढा एकच बिल्ला अजून काम करते.) पण श्रावण, ते बिल्ले वर्षावारी एका ओळीत लागले ना, तेव्हा मी त्याईच्या समोर खुर्ची घेऊन बसलो अन् दुपार गेली तरी उठलो नाही. आमची पार्वताबाई डबा घेऊन आली, तिले वाटलं मले भोवळ आली.

तुले आठवत असेल, वरून येणारे बिल्ले आपल्यापर्यंत पोचेपर्यंत पोट्ट्याले मिसरूड फुटत होतं. म्हणून आपले नत्थुजी सर स्वतःच चित्र काढायचे, अन् तुझी माय, चतुराबाई, ते खाकी कापडाच्या गोल तुकड्यावर रंगीत दोऱ्यानं भरून द्यायची. सायकलवाल्याच्या बिल्ल्याले तिनं चाकाच्या सोळा आऱ्या काढल्या होत्या, मोजून. पुढं मशीनवर भरणारा आला, त्यानं आठ केल्या. त्याच्यानंतरच्यानं चारच ठेवल्या. आता नुसतं गोल आहे, ते चाक आहे का भजं, हे खाली लिहावं लागते.

अन् स्वयंपाक्याचा बिल्ला! पहिला चतुराबाईच्या हातचा: तीन दगडायची चूल, वर खिचडीचा काळा गंज, अन् गंजातून निघणारा धूर, तीन वाकड्या रेघा. त्याच्यानंतरच्या बिल्ल्यातून धूर गेला, दोरा वाचते म्हणून. मग चूल गेली, स्टोव्ह आला. मग स्टोव्ह जाऊन गॅसची शेगडी. मग शेगडी अन् गंज दोन्ही जाऊन नुसता काटा-चमचा. अन् आता पोरायले मोबाईलवर बिल्ला येते, त्याच्यात एक उंच पांढरी टोपी आहे. अमरावती जिल्ह्यात भाजी फोडणीले टाकताना अशी टोपी कोणी घातलेली मी तरी पाहिली नाही. मले वाटलं, ज्यानं हाताले चटका बसते ते सारं आमी एकेक करून पुसत आणलं, अन् शेवटी फक्त दिसायचं तेवढं ठेवलं. मग हेही वाटलं का चटका बसला तरी बिल्ला भेटतेच असं तेव्हा कुठं होतं. तिथं मी उठलो.

उद्घाटनाच्या दिवशी मॅडमले सुचलं का पथकाच्या पहिल्या स्वयंपाक्यानं, म्हणजे मी, मैदानात तीन दगडाची चूल मांडून खिचडी करून दाखवावी. पार्वताबाई हे ऐकून इतकी हसली का तिले ठसका लागला. तिचं म्हणणं, लग्नाच्या चव्वेचाळीस वर्षांत ह्या माणसानं दूध उतू जाताना फक्त पाहिलं. मी मात्र स्कार्फ बांधून, शिट्टी लटकवून, हाफ पॅन्टीत (हो, हाफ पॅन्टीत, हसू नको) चुलीपुढं उकिडवा बसलो. लाकडं ओली निघाली. धूर सरळ मंडपात गेला, तीन रेघा नाही, तीनशे. पाहुणे डोळे पुसत भाषण करून राहिले होते अन् मागच्यायले वाटलं का भाषण लय भावूक आहे. मी वाकून फुंकर मारली तर स्कार्फाचं टोक गंजात. काढाले गेलो तर गुडघा अडकला, उठताच येईना. शेवटी आठवीच्या चार पोरींनी मले दोन्ही बगलेत धरून उभं केलं, चूल नीट मांडली, अन् वीस मिनिटांत खिचडी उतरवली. माझी खिचडी, खाली करपलेली अन् वर कच्ची, एका बाजूले झाकून ठेवली.

मग एका पोरीनं सरळ विचारलं, सर, तुमाले हा बिल्ला भेटला कसा? साऱ्या हसल्या. आचलले माझी दया आली असावी, तिनं नत्थुजी सरची जुनी नोंदवही काचेतून काढली अन् सेमाडोहच्या कॅम्पाचं पान उघडलं, म्हणाली, हे पाहा, आजोबा पास आहेत. माझ्या नावाखालीच तुझं नाव होतं. तुझ्यापुढं शेवटी लिहिलं होतं, ‘पुढील वेळी’. आचलनं मले विचारलं, पुढील वेळी म्हणजे कधी? मी म्हणलो, पुढच्या कॅम्पात. तिनं पुढची सारी पानं चाळली. तुझं नाव कुठंच नव्हतं. तू पुढच्या वर्षी पथकात आलाच नाही, अभ्यास वाढला म्हणला होता. आठवीत कोणाचा अभ्यास वाढते बे?

तुले सांगायची गरज नाही, पण मले लिहायची आहे म्हणून लिहितो. एकाहत्तर साल. परीक्षेले आपण दोघंच. सरनं चतुराबाईकडून दोन बिल्ले भरून आणले होते, कारण त्याईले खात्री होती का दोघंही पास होऊ. नियम साधा होता: पोरानं रांधायचं, परीक्षकानं अन् संघनायकानं खायचं, मग बिल्ला. संघनायक मी. परीक्षक वरून आलेले गुरुजी. (नाव लिहीत नाही, त्याईचे नातू चांगले आहेत.) ते तुझ्या चुलीपाशी आले, मोकळ्या, पिवळ्याजर्द खिचडीकडं पाहिलं, अन् त्याईले आठवलं का आज मंगळवार, उपास आहे. माझ्या चुलीपाशी, मोजून बारा पावलांवर, त्याईचा उपास सुटला. करपलेलं दोनदा मागून खाल्लं. तो उपास जातीचा होता, वाराचा नव्हता. तुमच्या घरानं छप्पन सालीच दीक्षा घेतली, पण गुरुजीच्या डोक्यातलं साल त्याच्या लय मागचं होतं. अन् वरून गंमत पाहा, त्याच कॅम्पात साऱ्या पथकाच्या बाहीवर, गुरुजीले सलामी देणाऱ्या साऱ्या हातायवर, तुझ्या मायच्या हातचं काम होतं. ते कोणाले चाललं नाही असं झालं नाही.

मी मात्र तुझी खिचडी खाल्ली होती, हे ध्यानात ठेव. चांगल्या दोन वाट्या. तू तेव्हा सिपना नदीवर पाणी आणाले गेला होता म्हणून तुले दिसलं नाही. तशी खिचडी मी पुन्हा खाल्ली नाही. धम्मदीपच्या लग्नात खाल्ली असती, तू स्वतः आचाऱ्याजवळ उभा राहून मसाला टाकत होता, पण मले वावरात जायचं होतं अन् अचलपूरची शकुंतला गाडी पकडायची होती, म्हणून जेवणाची पंगत राहून गेली.

तर पाटीचं असं आहे. मॅडम म्हणतात ‘खुशालराव’ टाकू, वहीत पुरावा आहे. मी म्हणतो ‘श्रावण’ टाका. त्या म्हणतात, वहीत ते नापास आहेत. मी म्हणलो, नापास नाही, परीक्षा बाकी आहे. बस, तुझं काय म्हणणं ते एका ओळीत कळव, अन् हाफ पॅन्टीतला एखादा फोटो असेल तर पाठव. वहिनीले सांग, पार्वताबाई आठवण काढते. घरातल्या लहानमोठ्यायले ज्याचं त्याचं पोचवशील. डाव्या हातानं हात मिळवतो, स्काऊटवाला.

तुझा,
खुशाल

ता. क. – पाकीट बंद करत होतो, पण शकुंतलेवर गाडी अडली. तीन वर्षांपूर्वी धम्मदीपच्या लग्नाच्या वेळी ती गाडी बंद होती. बंद होऊन वर्षं झाली होती, रुळात गवत वाढलं होतं. तू स्टेशनाच्या गावचा माणूस, तुले हे माहीत होतं. तरी तू मंडपाच्या दारापर्यंत आला, डावा हात मिळवला अन् म्हणला, जाय लवकर, गाडी चुकीन. चौपन्न वर्षांत तुझ्या घरी मी चहा पेलो, बिस्किट खाल्लं, अन् ताटं मांडायची वेळ झाली का मले कोणती ना कोणती गाडी लागली. आधी माझ्या मायची भीती होती. माय जाऊन वीस वर्षं झाली. मग काय होतं, मले नाही सांगता येत. लाज वाटते.

ता. क. दुसरा – तुझ्यापुढं वहीत नुसतं ‘पुढील वेळी’ नाही. पूर्ण ओळ अशी आहे: ‘परीक्षकांचा उपवास. संघनायकाने चव घेतली नाही. पुढील वेळी.’ खाली संघनायकाची सही, माझी. त्या दोन वाट्या मी तंबूच्या मागं बसून खाल्ल्या, तोंड पुसलं, अन् गुरुजीनं विचारलं तर नाही म्हणलो. मी हो म्हणलो असतो तर सर भांडले असते, तू पास झाला असता. आचलनं ती ओळ वाचली, साऱ्या पोरींसमोर तिच्यावर बोट ठेवून झाकली, अन् माझ्याकडं पाहिलं. तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलते, लय नीट, अन् ते मले सहन होत नाही.

ता. क. शेवटचा – तुझ्यासाठी भरलेला तो दुसरा बिल्ला माझ्याचजवळ आहे. सरनं तो चतुराबाईले परत द्यायले माझ्याजवळ दिला होता. तिच्यासमोर जायची हिंमत झाली नाही, म्हणून ट्रंकीत ठेवला. कसर त्याले लागली नाही, धुराच्या तिन्ही रेघा शाबूत आहेत. पाकिटात टाकून पाठवणार होतो, पण नियम आठवला: आधी खायचं, मग द्यायचा. पंधरा तारखेच्या रविवारी सकाळच्या गाडीनं निघतो. परतीची गाडी पाहिली नाही. तू खिचडी टाकून ठेव. मी उपाशी येतो.