चिकित्साबाईंना पाजलेलं पाणी

३ तारीख, सकाळी ११
लॅबच्या मीटिंगमध्ये माझा जाहीर अपमान. ज्येष्ठमधाच्या अर्काने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कशा जाग्या होतात, हे मी दोन वर्षं घासून सिद्ध केलंय. ग्राफ दाखवला. वीसपट! तर ती नवी बाई, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, हात वर करून विचारते, सर, नुसतं पाणी घालून बघितलंत का? पाण्यात मेलेल्या जंतूंचा अंश असला तरी पेशी चवताळतात म्हणे. मला शिकवते! आणि साहेब मान डोलावतात!
तिचं नाव ठेवलं : चिकित्साबाई. सूड घेणार. शांत डोक्याने.

४ तारीख
डोकं शांत होईना. तिच्या टेबलासमोरून तीनदा गेलो, मुद्दाम बघितलं नाही. मी बघत नाहीये हेही तिने बघितलं नाही.

६ तारीख
बायकोला सगळं सांगितलं. म्हणाली, मग घालून बघ ना पाणी, एका दिवसाचं तर काम. घरचा भेदी! प्रश्न तत्त्वाचा आहे. जेवताना अबोला. भात दोनदा मागून घेतला, खुणेने.

९ तारीख, दुपार
चिकित्साबाई स्वतःहून आली. सर, थोडा अर्क द्याल का, मी करून बघते, तुमचं बरोबर निघालं तर सेमिनारमध्ये तसं सांगेन. चेहरा भोळा. उद्या देतो म्हणालो.

१० तारीख
मास्टर प्लॅन! बाटलीवर लेबल अर्काचं, आत नुसतं पाणी. अर्क वापरताना इतका पातळ करतात की तो पाण्यासारखाच दिसतो. तिच्या पेशी ढिम्म हलणार नाहीत, माझ्या वीसपट. सगळे म्हणतील, हिला प्रयोग जमत नाही. बाईंना पाणी पाजायचं ते असं!
पाणी माझ्या खास कॅनमधलं. मी अर्क त्याच पाण्यात करतो. दोन वर्षांत त्या कॅनला कुणाला हात लावू दिलेला नाही. धुवायलासुद्धा.

१७ तारीख
तिचा प्रयोग संपला. कपाळावर आठ्या. मला आतून गुदगुल्या. काही विचारलं नाही. नवा शर्ट इस्त्रीला टाकला.

२०, सेमिनारनंतर
ती उभी राहिली. म्हणाली, मला सरांची माफी मागायची आहे, मी उगाच शंका घेतली. सरांनी दिलेल्या अर्काने माझ्याकडेही पेशी वीसपट जाग्या झाल्या. ग्राफ लावला. हुबेहूब माझ्यासारखा. टाळ्या. साहेबांनी हात मिळवला, म्हणाले, पेपर दोघांच्या नावाने पाठवा, याच आठवड्यात.
मी खुर्चीत बसूनच.
वीसपट. माझ्या कॅनमधल्या नुसत्या पाण्याने.

२१
रजा. बायकोला सांगितलं पोट बिघडलंय. गप्प बसलो तर नाव माझं होईल. पुढे कुणी पडताळून पाहिलं तर माझ्याबरोबर तीही तोंडघशी पडेल. सूड म्हणून याहून उत्तम काय? तरी पेपरवर माझ्या नावाशेजारी तिचं नाव लिहवेना. संध्याकाळी पोट खरंच बिघडलं.

२३, सकाळी ९.४०
सांगून टाकलं. आधी बाईंना, मग साहेबांना. बाटलीत काय होतं आणि का होतं. साहेब जे बोलले ते इथे लिहीत नाही. बाई म्हणाल्या, सर, माझी माफी परत द्या.
दिली. सोबत माझीही.