वारलेल्या नामवंतांचं पान

तीर्थरूप आईस,

पायांवर डोकं ठेवते. मी मजेत आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते, खोकलाही पळाला.

वर्तमानपत्राच्या कचेरीत वर्षअखेरीची धांदल आहे. या लढाईच्या वर्षात वारलेल्या नामवंतांचं पान माझ्याकडे आलंय. अशांचे मृत्युलेख आमच्याकडे ते हयात असतानाच लिहून कपाटात ठेवतात. गडबडीत मी वारलेल्या गवयांऐवजी त्यांच्या गुरुबंधूंचा लेख काढला आणि फोटो मागायला त्या गुरुबंधूंच्याच घरी गेले. दार त्यांनीच उघडलं! मी कागद लपवायच्या आत त्यांनी वाचलासुद्धा. म्हणाले, "छान लिहिलंयस. आमच्या हिला दाखव, तिला माझं गाणं कधी पटलंच नाही." चहा पाजूनच सोडलं.

लढाईत पडलेल्यांची नावं दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत येतात. ते पान माझं नाही, पण रोज सगळ्यांच्या आधी मीच वाचते. दादाचं नाव नाही. तुला त्याचं पत्र आलं का गं?

साहेबांची बोलणी खाल्ली खरी. पण गेला म्हणून धरलेला माणूस दारात हसत उभा बघून मला जे वाटलं, ते तुला आपल्या दारात वाटो, एवढंच मागते.

तुझी,
धाकटी