अखाजीचा दोर

बोदवड, मे १९९५

भाऊ,

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला तू माझं लग्न घाईनं उरकलंस. "अखाजीले मुहूर्त देखना पडत नही," म्हणालास. सव्वा महिन्यानं कायदा आला, लग्न न झालेल्या मुलीला वडिलोपार्जित शेतात भावाइतकाच वाटा. परवा अखाजीला माहेरी आले, तर झोका देता देता वहिनी बोलून गेली की वकिलानं तुला हे आधीच सांगितलं होतं.

लहानपणी दर अखाजीला बांधावरच्या निंबाला झोका तूच बांधायचास. आधी स्वतः लोंबकळून बघायचास, मग मला बसवायचास. तुझी गाठ मी कधी तपासली नाही.

वाटा मी मागितला नसता रे. हे पत्रही टाकणार नाही. पुढच्या अखाजीला येईन, पण बसण्याआधी दोर ओढून बघेन.

तुझीच,
मंजुळा