मनोऱ्याची टोपी

९ एप्रिल

नकाशात आमचं घरच नाही!

वाचनालयाच्या दोन्या ग्रिमानेसांनी आमच्या केलीपुई गावाचा जुना नकाशा टेबलावर पसरला. १९५५ सालचा, कडा कुरतडलेल्या. चर्च आहे, धक्का आहे, लोहाराची भट्टीही आहे. पण चर्चच्या मागे, जिथे आमचं घर उभं आहे आणि जिथे बसून मी हे लिहिते आहे, तिथे नुसती दलदलीची खूण. आणि आई तर याच घरात जन्मली, १९५२ला. लहानपणापासून हेच ऐकत आले.

"मग आई दलदलीत जन्मली म्हणायची," मी म्हटलं.

दोन्या ग्रिमानेसांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझी आई थापा मारणाऱ्यातली नव्हती. नकाशे काढणाऱ्यांचं मात्र काही सांगता येत नाही."

१० एप्रिल

काल लिहायचं राहिलं – नकाशे बघायला गेलेच का.

शेवटच्या महिन्यात आई एकच म्हणायची. "नोल्फा, मला घरी ने." मी म्हणायची, आई, घरीच आहेस. ती मान हलवायची. "घर हेच. पण इथे नाही." मग खिडकीकडे बोट. "इथून मनोरा दिसायचा. चर्चचा. त्याच्या मागे बरोब्बर कोर्कोवादो. पांढरी टोपी घातल्यासारखा दिसायचा मनोरा." या खिडकीतून दिसते चर्चची मागची भिंत आणि तिच्यावरचं शेवाळ. कोर्कोवादो, तो बर्फाचा ज्वालामुखी, नाहीच. डॉक्टर म्हणाले, वयाने असं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तीस वर्षं मी दवाखान्यात लोकांचं रक्त तपासलं. एवढंच शिकले – एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली तर तिला चूक म्हणण्याआधी पुन्हा तपासावं.

१४ एप्रिल

बेलिसारियोचा फोन. सांतियागोच्या माणसाने घर-जागा विकत घ्यायला होकार दिलाय. आईची वर्षाची प्रार्थना २० मे रोजी. ती झाली की सह्या.

"त्याला जागा हवी आहे गं, पर्यटकांच्या खोल्या बांधायला. घर काय, पाडून सरपण करेल."

मी खिडकीतून चर्चच्या भिंतीवरचं शेवाळ बघत राहिले. तो म्हणाला, "बोल ना काहीतरी! तू गप्प बसलीस की मला आईच गप्प बसल्यासारखी वाटते."

सांगितलं, घर नकाशात नाही.

"छान! मग पाडायचा प्रश्नच मिटला."

भाऊ माझा. असाच आहे. आईच्या मयतीतही लोकांना हसवलं आणि मग गोठ्यात जाऊन रडला.

१७ एप्रिल

पाऊस.

२३ एप्रिल

बेलिसारियो आला. लाकडाची किंमत ठरवायला लाकडी फरशीखालच्या पोकळीत शिरला. बराच वेळ आवाज नाही. मी खाली वाकून विचारलं, "अडकलास का?"

"बॅटरी दे. आणि तूही ये."

या वयात फरशीखाली! पण गेले. घराच्या तळाशी दोन लांब ओंडके, पुढची टोकं होडीच्या नाळेसारखी वर तासलेली. टोकांना साखळीने घासून पडलेल्या खोल खाचा. लाकूड तिथे गुळगुळीत झालंय. बेलिसारियो त्या खाचेत बोट घालून बसला होता. त्याचे गुडघे चिखलात.

"घर ओढून आणलंय, नोल्फा. मिंगा झालाय इथे."

आम्हा दोघांना कसं सुचलं नाही! या बेटांवर घरं कशी हलतात ते पोरंसोरंही जाणतात. सगळं गाव दोराला, पुढे बैल, मागे आरडाओरडा, संध्याकाळी जेवण. दुसऱ्यांची घरं जाताना आम्ही टाळ्या वाजवल्या. आपलं घर मात्र पहिल्यापासून इथेच, असं धरून चाललो. आजी कधी बोलली नाही. आईही नाही.

घर हेच. पण इथे नाही.

रात्रीचं जेवण. बटाट्याचे मिल्काव जरा करपले होते, तरी त्याने नावं ठेवली नाहीत. म्हणजे तोही विचारात होता.

२५ एप्रिल

दोन्या ग्रिमानेसांना खाचांची गोष्ट सांगितली. त्या टुणकन उठल्या. "मग गावाचा नकाशा कशाला चिवडतेस? दर्यावर्दींचा काढ!"

नाविकांचा जुना नकाशा म्हणजे भला मोठा कागद. पाण्याची खोली, खडक, किनाऱ्यावरची घरं काळ्या ठिपक्यांनी. मनोराही आहे, कारण बोटी त्याच्याकडे बघूनच धक्क्याला लागत. आणि पूर्वेला आखाताच्या पलीकडे कोर्कोवादो. तोही खुणेसाठीच.

त्यांनी शिवणाच्या डब्यातून लाल दोरा काढला. एक टोक कोर्कोवादोवर धरलं. मी दोरा मनोऱ्यावरून ताणत पश्चिमेला नेला, खाडी ओलांडून. माल्लिको बेटाच्या किनाऱ्यावर दोरा टेकला. तिथे पांढऱ्या जागेत एकच काळा ठिपका.

दोरा ठिपक्यावरून जरा निसटला. दोन्या ग्रिमानेसा म्हणाल्या, "नीट धर गं पोरी, घर हलेल."

त्या ठिपक्यातून बघितलं तर मनोऱ्याच्या मागे बरोब्बर कोर्कोवादो. दुसरं काही दिसणारच नाही. आई गोंधळलेली नव्हती.

बाहेर येऊन चर्चच्या पायरीवर बसले. मग रडले. वर्षात पहिल्यांदा इतकी.

२७ एप्रिल

बेलिसारियोने फोनवर आजचा नकाशा काढला आणि तीच जागा शोधली. निळी! पाणी!

"अभिनंदन! आई माशांच्यात जन्मली."

मग दोघांच्याही लक्षात एकदमच आलं. साठ साली मोठा भूकंप झाला तेव्हा इकडची जमीन खाली बसली. जुना नकाशा त्याच्या आधीचा.

पौर्णिमेनंतर मोठी ओहोटी येते. तेव्हा जाऊ म्हणाला. तो म्हणाला! मी नाही.

४ मे

लिहायला बसले पण सुरुवात कुठून करू.

पहाटे लाँचने माल्लिकोला. दहिवर पडलेलं, आकाश धुतल्यासारखं. पाणी खूप मागे गेलं होतं. चिखलात घोट्यापर्यंत पाय. बेलिसारियो पुढे, शिव्या देत. एकदम थांबला. पायाचे दगड! शेवाळाने हिरवे, शिंपल्यांनी भरलेले, पण ओळीत. चौकोनी. मधे चुलीचा सपाट दगड. मी त्या चौकोनात उभी राहिले, स्वयंपाकघर असेल तिथे, आणि पूर्वेकडे तोंड केलं.

मनोरा. त्याच्या मागे कोर्कोवादो. पांढरी टोपी, जराशी तिरकी.

बेलिसारियोने डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला. विनोद नाही.

वरून कोणीतरी ओरडलं, "ओ! शिंपल्या गोळा करताय की चोरताय?" काठी टेकत एक म्हातारी खाली आली. आम्ही नावं सांगितली, आईचं सांगितलं – एर्मेलिंदा. म्हातारीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. आईची चुलत बहीण निघाली. ओर्फेलिना मावशी.

चुलीपाशी बसवून गरम भाकरी दिली आणि सगळं सांगितलं. भूकंपात आजोबा होडी वाचवायला धावले. समुद्र आला तो त्यांना घेऊनच गेला. जमीन बसली, भरतीचं पाणी स्वयंपाकघरात यायला लागलं. "तुमची आजी म्हणाली, ज्या पाण्याने नवरा नेला ते मला चुलीपाशी नको. घर बैलांनी किनाऱ्यावर ओढलं, पिंपं बांधली, होड्यांनी खाडीपार नेलं. पलीकडे पोचल्यावर बजावलं – मागचं बोलायचं नाही. मेली तरी बोलली नाही बघ."

"आणि आई?"

"एर्मेलिंदा घरातून उतरेचना! आठ वर्षांची ती. सगळे हाका मारतायत आणि ही आत, खिडकीत. घर पाण्यातून चाललंय, मनोरा जवळ येतोय, मोठा होतोय, कोर्कोवादो त्याच्यामागे बुडतोय. मी मागच्या होडीत होते. ती ओरडत होती – टोपी पडली! टोपी पडली!"

बेलिसारियो उठून बाहेर गेला.

५ मे

झोप नाही. दगड समुद्राचेच राहणार. पण नकाशावरचा तो लाल दोरा डोळ्यांपुढून जात नाही. दोरा ठिपक्यापाशी मी थांबवला. सरळ रेषा थांबत नाही. ती टेकडी चढून जाते.

११ मे

पुन्हा माल्लिको. एकटीच. दगडांपासून टेकडीवर चढले, मनोरा आणि कोर्कोवादो एका रेषेत ठेवत ठेवत. वर गवताळ उतार, एक जुनं सफरचंदाचं झाड, मेंढ्या. तिथूनही तेच दिसतं! टोपी जरा मोठी होते, एवढंच.

मावशीला विचारलं, हा उतार कोणाचा. "कोणाचा म्हणजे? तुमच्या आजीचा. मी मेंढ्या चारते. विकत घ्यायला माणसं आली होती, हाकलली. एर्मेलिंदा येईल म्हटलं कधीतरी."

घरी येऊन बेलिसारियोला फोन केला. मी इतकं एका दमात कधी बोलले नव्हते. तो ऐकून घेत राहिला. शेवटी म्हणाला, "त्या सांतियागोवाल्याला नक्की काय हवंय गं?"

"जागा."

"फक्त जागा?"

"तूच म्हणालास."

मग दोघंही हसलो. फोन कानाला लावून, वेड्यासारखे.

२० मे

आईची वर्षाची प्रार्थना. चर्च भरलं होतं. बेलिसारियोने जेवताना उठून सगळ्यांना मिंग्याचं आमंत्रण दिलं. लोहाराचा नातू म्हणाला, "त्या घराने पुन्हा समुद्र ओलांडायचा? म्हातारं झालंय ते!" दोन्या ग्रिमानेसा कडाडल्या, "मी पण झालेय. दोर मी धरणार!" मावशीचा निरोप – माल्लिकोचे बैल किनाऱ्यावर हजर राहतील, सफरचंदाची दारू, चिचा, मात्र तुमच्याकडून, आणि आंबट नको.

२४ मे

सही केली. जागा त्याची, घर आमचं. वसंतात मोठ्या भरतीला निघायचं. बेलिसारियो म्हणतो, तू पुढच्या होडीत बस, नीट दिसेल.

नाही. मी आतच बसणार आहे. खिडकीत.