खडकाळीची वाटणी

मी, हिंदुराव भैरू गव्हाणे, वय वर्षे ७७, धंदा पूर्वी शेती, आता काही नाही, राहणार वाघोली, पुणे, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. उत्कर्षा लेले यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझा मुलगा रविराज "अण्णांना हल्ली भ्रम होतो" असे चार ठिकाणी सांगत फिरत असल्यामुळे दाखल्याच्या दोन प्रती घेतल्या आहेत.

१. राहते घर, तळमजला व वरचा मजला, रविराजला द्यावे. खडकाळीपैकी तीन एकर बिल्डरला देताना त्याने माझी सही घेतली, मी ती खुशीने दिली. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार दुसरी आहे, ती पुढे लिहिली आहे.

२. माझी पत्नी कै. बायडाबाई हिची बोरमाळ व पाटल्या सून शेफालीला द्याव्यात. बायडाबाईने १९८४ नंतर खडकाळीत पाऊल टाकले नाही. त्या रानातला कांदासुद्धा तिने खाल्ला नाही, बाजारातून विकत आणायची. शेजारणी हसायच्या. कारण फक्त तिला व मला माहीत होते. ती दोन वर्षांपूर्वी गेली, आता मी एकटाच उरलो आहे.

३. खडकाळी हे आमच्या रानाचे नाव. भावकीच्या वाटणीत चुलत्यांनी काळी जमीन घेतली आणि आमच्या वाट्याला साडेतीन एकर दगड आले. नांगर घातला की फाळ मोडायचा. लहान दगड बायडाबाई पाटीत भरून बांधावर टाकायची, मोठे मी ढकलत न्यायचो. उन्हाळ्यात वेचून रान साफ करावे, तर पावसाळा सरेपर्यंत तितकेच दगड पुन्हा वर आलेले असायचे. अकरा वर्षे मी हेच केले.

माणसाएवढे दगड माझ्याने हलेनात, म्हणून १९८२ साली मी रतन सोपान ओव्हाळ यांना कामावर बोलावले. ते खाणीत काम केलेले. दगडावरून हात फिरवून त्याची नस कुठे आहे ते सांगायचे. तिथे छिन्नी लावून घणाचे सहा ठोके मारले की दगड भाकरीसारखा दुभंगायचा. तीन उन्हाळे ते माझ्याबरोबर राबले. खडकाळीत पहिली ज्वारी उभी राहिली ती त्यांच्यामुळे. लोक मात्र "हिंदुरावानं माळ फोडला" असे म्हणायचे आणि मी ते ऐकून घ्यायचो.

रतन दारू पीत नसत. वस्तीवरच्या विहारात ते दर रविवारी पोरांना वाचायला शिकवत आणि मोठ्यांना दारू सोडायला सांगत. हे येथे लिहिणे जरूर आहे.

४. वकील ऋतिका पानसे यांनी हे कलम ऐकून मला थांबवले. म्हणाल्या, "काका, मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत."

"मग कुठं लिहितात?"

"लिहीतच नाहीत," त्या म्हणाल्या. नंतर त्यांनी चष्मा पुसला आणि लिहून घेतले.

ता. १७ मे १९८४ रोजी रानाच्या मधोमध एक मोठा दगड राहिला होता. रतन म्हणाले, "ह्यो आधी फोडू. आख्खा निघायचा न्हाई."

मी म्हणालो, "फोडण्यात दोन दिवस जातील. बैल उद्या परत द्यायचेत. आजच काढू."

मग मी पहारेने दगड उचलून धरला, त्याखाली बाभळीचा ओंडका सरकवला, आणि ते पलीकडची माती उकरायला खड्ड्यात उतरले. खालून म्हणाले, "पहार सोडू नका. मी खाली हाय."

"नाही सोडत," मी म्हणालो.

मला तंबाखूची तल्लफ आली. दगड ओंडक्यावर तोलला आहे असे वाटले. चुना लावायला मी पहारेवरचे दोन्ही हात काढले.

रतन लगेच गेले नाहीत. "पहार लावा, पहार लावा," एवढेच म्हणत होते. मी लावली. एकट्याच्या जोराने दगड हलेना. मी घराकडे पळालो आणि वडिलांना व दोन गड्यांना घेऊन आलो, तोवर आवाज थांबला होता.

पोलीस पाटील आले. माझे वडील त्यांना म्हणाले, "प्याला हुता. नको नको म्हणताना खाली शिरला." पाटलांनी माझ्याकडे पाहिले. "हिंदुराव, खरं का?"

मी "होय" म्हणालो. पंचनामा तसाच झाला. त्या पंचनाम्यात माझा तो एकच शब्द आहे, आणि तो खोटा आहे.

रतन यांची पत्नी चंपाबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या, मुलगी मैत्री दीड वर्षाची. चंपाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की यांनी कधी दारूला हात लावला नाही. कोणी मानले नाही. त्यांच्या वस्तीतले लोकच म्हणू लागले, "दुसऱ्याला सोडायला सांगायचा आन् सोता चोरून प्यायचा." विहारातला वाचनवर्ग बंद पडला. वर्षाच्या आत चंपाबाई मुलीला घेऊन येरवड्याला गेल्या आणि शिवणकामावर त्यांनी तिला वाढवले. मैत्री आज सरकारी अधिकारी आहे. यात गव्हाण्यांचा काडीचा हात नाही.

५. तो दगड आम्ही पुन्हा हलवला नाही. चाळीस वर्षे त्याला वळसा घालून नांगरट केली. गेल्या वर्षी बिल्डरच्या पोकलेनने तो चार मिनिटांत उचलून ट्रकात टाकला. खाली ओली काळी माती होती, खडकाळीतली सर्वांत चांगली. मी बघत उभा होतो. यंत्रावरचा माणूस ओरडला, "आजोबा, बाजूला व्हा, लागेल!"

त्या आठवड्यात मी रविराजला सगळे सांगितले. तो म्हणाला, "अण्णा, झालं गेलं. आता कशाला घराण्याचं नाव घालवता? तिथे टॉवर उभा राहतोय." हीच माझी तक्रार. शेफाली तिथेच ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिने गाडी काढली आणि विचारले, "येरवड्यात नक्की कुठं जायचं?"

६. चंपाबाईंनी मला दारातच ओळखले. पाणी दिले नाही, मी मागितलेही नाही. उभ्या उभ्या मी सांगितले. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. अंघोळ मीच घातली त्यांना. तोंडाला वास नव्हता."

मी म्हणालो, "मृत्युपत्रात लिहून ठेवतो. माझ्या दहाव्याला सगळ्या गावासमोर वाचतील."

"मेल्यावर? मेलेल्या माणसाला लाज कुठली? आणि तुमच्या दहाव्याला आमच्यातलं कोण येणार ऐकायला? आमच्या विहारात वाचा. तुमच्या तोंडानं."

मी जमीन देऊ केली, ती नको म्हणाल्या. आतून मैत्री बाहेर आली आणि म्हणाली, "आईला नको असेल. मला हवी. माझे वडील तिथं गेलेत."

७. सबब खडकाळीपैकी माझ्या एकट्याच्या नावे उरलेले, बिगरशेती झालेले वीस गुंठे क्षेत्र मैत्री रतन ओव्हाळ यांना द्यावे. हे दान नव्हे व भरपाईही नव्हे. भरपाई होत नाही. रतन यांच्या छिन्न्या व घण मी पुढे अठरा वर्षे स्वतःचे म्हणून वापरले. ते चंपाबाईंकडे पोचते केले आहेत. माझी पहार भंगारात द्यावी, कोणी वापरू नये.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेफालीने करावी, रविराजने नाही. माझ्या दशक्रियेला पुढाऱ्यांची भाषणे होऊ देऊ नयेत. शेफालीने माइक हातात घेऊन फक्त कलम ३ व ४ वाचावे आणि खाली बसावे.

९. ता. ९ नोव्हेंबर २०२५, रविवारी, सकाळच्या वंदनेनंतर मी ही दोन्ही कलमे वस्तीवरच्या विहारात स्वतः वाचली. साठ-सत्तर माणसे होती. रतन यांच्या वर्गात अक्षरे शिकलेले दोघे, आता साठीला टेकलेले, भिंतीकडे तोंड करून बसले. मी कागदाची घडी घालू लागलो, तेव्हा पुढच्या ओळीत बसलेल्या चंपाबाई म्हणाल्या, "ते दारूचं पुन्हा वाचा."

मी वाचले, "रतन दारू पीत नसत."

"मागं ऐकू गेलं नाही."

मी उभा राहून मोठ्याने वाचले. त्या वळून मागच्या लोकांकडे एकेक करून बघत होत्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "अजून एकदा."

मी वाचले.

येणेप्रमाणे लिहिलेले मी स्वतः वाचून पाहिले, बरोबर आहे. याआधीचे माझे कोणतेही मृत्युपत्र असल्यास ते रद्द समजावे. खालील दोघांच्या समक्ष मी सही केली व माझ्या समक्ष त्यांनी केली.

सही: हिंदुराव भैरू गव्हाणे

साक्षीदार:
१. अनंत निवृत्ती भोर, शेजारी, वाघोली
२. श्याम यशवंत रणपिसे, विहार समिती, वाघोली

ठिकाण: सदाशिव पेठ, पुणे
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५